विमानाची किंमत ऐकली तेव्हा

माळरानावरच्या छोट्या धावपट्टीशेजारी ते पांढरं विमान उभं होतं. आमच्या मोटारीहून थोडंसंच मोठं. माझ्या नवऱ्याने पन्नाशीनंतर विमान चालवायला शिकून परवाना मिळवला, तेव्हापासून असं एखादं जुनं विमान घ्यायचं, हे त्याचं एकच वेड. पण पैसे जमत आले की किंमत आणखी वर जायची.

मालकाने या वेळची किंमत सांगितली आणि स्वतःच ओशाळून म्हणाला, "काका, इंजिनाचे भाग परदेशातून येतात. जुन्यालाही आता नव्याचा भाव आलाय."

नवरा नुसता हसला. "एकदा आत बसू का?" त्याने विचारलं.

आत बसून तो काचेतून समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. वय वाढलं की हौस निवते म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना. आणि मी? किंमत ऐकताच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता हा जमिनीवरच राहील, माझ्याजवळ. आपल्या माणसाचं स्वप्न डोळ्यांदेखत मोडावं आणि आपल्याला हायसं वाटावं, याची लाज कुणाला सांगायची?

खाली उतरून त्याने पंखावरून हात फिरवला. माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाला, "अगं, तू नको वाईट वाटून घेऊस. तुला एकदा वरून तुझं माहेर दाखवायचं होतं, एवढंच."

माझी मान वर होईना.