न सुकणारी खोली

मामा भिंतीला गाल लावून बघायचा. घरं रंगवायला तो दुसरबीडहून रोज बसने मेहकरला जायचा, आणि रंगाचा दुसरा हात मारण्याआधी प्रत्येक भिंतीशी असा उभा राहायचा, जणू पलीकडचं बोलणं ऐकतोय. "बोटाले वरचं कळते, गालाले आतलं. गार लागली म्हंजे ओली हाय." घरी यायचा तो गालावर कुठला तरी रंग घेऊनच. मामी विचारायची, "आज कोनाच्या भिंतीचा मुका घेतला?"

घरमालक घाई करायचे. मामा शिडीवर बसून राहायचा. "उन्हाळ्यात चार तास, पावसाळी हवेत दुसरा दिवस. तुमी मंत्री असान, तरी भिंत आयकत नाही." बढाईखोरच होता. रंग सुकण्यावरून त्याच्याशी वाद घालून कुणी जिंकलं नाही. एक वेळ सोडली तर.

मला मेहकरच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. सकाळच्या प्रॅक्टिकलला बस पोचत नव्हती. मामाने नुकतीच एका निवृत्त साहेबांची मागची खोली रंगवली होती, भाड्याने द्यायची म्हणून. तो मला तिथे घेऊन गेला. साहेबांनी चहा दिला, मार्क विचारले, कौतुक केलं. मग आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना तेव्हा कळलं. तोवर मामा त्यांच्यासाठी नुसता पेंटर होता.

"खोलीचा रंग ओला आहे अजून," साहेब म्हणाले. "महिनाभर तरी लागेल."

रंग देऊन आठवडा झाला होता, बाहेर ऊन रणरणत होतं. मी भिंतीला गाल लावला. कोरडी, कोमट.

मामा म्हणाला, "हाव साहेब. सावलीची भिंत हाय. लागते टाइम."

बसमध्ये मी विचारलं, "मामा, खोटं काऊन बोलले?"

"त्या गल्लीतली सारी कामं त्यायच्याच शब्दावर भेटतात मले, बाई."

माझी प्रॅक्टिकल बुडत गेली. शेवटी सायन्स सोडलं.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांचा फोन आला. घर रंगवायचं होतं.  मामा म्हणाला, "मागचा रंग सुकू द्या, साहेब. ओल्यावर दुसरा हात मी मारत नाही."

त्या गल्लीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. पुढे तो खेड्यापाड्यांत मिळेल ती भिंत रंगवत राहिला, आणि गेल्या वर्षी गेला.

आता मी जातीविरोधी चळवळीची पत्रकं वाटत फिरते. कुणी तरी भेटतंच, "जात आता कुठे राहिलीय, ताई? सुकलं ते सगळं."

मी म्हणते, गाल लावून बघा.