आईचा श्वास आणि दोघांचं एकच स्वप्न

स्वप्नात कोणी येऊन निरोप देतं वगैरे गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. अंबडला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते... त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय.

आईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शुद्ध जवळजवळ नाही. डॉक्टर मॅडमनी मला आणि दादाला स्पष्ट सांगितलं – "व्हेंटिलेटर लावता येईल. पण हा आजार बरा होणारा नाही. एकदा लावला, की तो पुन्हा काढता येईल असं मला वाटत नाही. दोघं बोला, संध्याकाळपर्यंत सांगा."

मला वाटत होतं, नको. दादा चिडला. "मशीन असून लावायची न्हाई म्हंजे आपणच मारल्यासारखं झालं, छाये!" आणि तो तडक राजूरला गणपतीपुढं नवस बोलायला निघून गेला.

दुपारी आईचा हात धरून बसले होते. मास्कचा तो एकसुरी सूं-सूं आवाज... डोळा कधी लागला कळलंच नाही.

स्वप्नात आमची मोसंबीची बाग होती. बहर आलेला, सगळीकडं पांढरी फुलं, आणि ऊन दुधासारखं. आई पुढं चालली होती, अनवाणी. झपझप.

"आई, कुठं जाऊन राह्यली?"

ती वळून हसली. "बघ गं, बोलता बोलता चालून राह्यले, तरी दम लागंना. आता मला कोंडू नका."

दादाच्या फोननं जाग आली.

"छाये, आई कशीय?"

"तशीच आहे. का रे?"

"गाभाऱ्यापुढं हात जोडले, डोळे मिटले... अन् आपली बागच दिसली. आई चालून राह्यली होती. म्हणली, दम लागंना, आता मला कोंडू नका."

मी माझं स्वप्न त्याला अजून सांगितलंच नव्हतं. कोणालाच नव्हतं.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "व्हेंटिलेटर नको, त्रास कमी होईल एवढंच औषध द्यायचं... दोघांचं एकमत आहे ना?"

दादा म्हणाला, "तिघांचं."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं आणि फाइलीत तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. शांत. दादाचा हात तिच्या कपाळावर होता.

दादा म्हणतो, गणपतीनं कौल दिला. मी म्हणते, दोघांच्या मनात तीच घालमेल होती, मेंदूनं तेच चित्र उभं केलं. चित्राचं ठीक आहे हो... पण शब्द? "कोंडू नका" असं आई जागेपणी आमच्यापैकी कोणालाच कधी म्हणाली नव्हती.

आणि एक प्रश्न मला जास्त छळतो – तिनं बागेतून हाक मारली असती तर? "मला घरी ने, मला जगायचंय" म्हणाली असती तर? मी तेव्हाही तिचं ऐकलं असतं का, की स्वप्नच ते म्हणून सोडून दिलं असतं?