म्हंजेकाकी आणि माझी पुस्तिका

न समजलेल्या गोष्टीवर म्हंजेकाकीने आयुष्यात कधी सही केली नाही. एकदाच केली, आणि ती माझ्या शब्दावर.

आमच्या खाडीकाठच्या गावात तिला सगळे याच नावाने ओळखायचे. ग्रामसभेत कुणी जड शब्द उच्चारला की मागून आवाज यायचा, "म्हंजे काय रे?" ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून ती थेट सभेला येई. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पायांना चिखल, शेजारी टोपली. सरपंच वैतागायचे, "काकी, बस गो आता. सभा संपाक होयी." ती म्हणायची, "संपव मरे. पण माका कळल्यावर संपव."

मी तेव्हा किनारपट्टीवरच्या एका प्रकल्पात समन्वयक होतो. नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची. शाश्वत विकास समजण्यासाठी लागणाऱ्या महत्त्वाच्या शब्दांची एक पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. जैवविविधता, वहनक्षमता, लवचीकता, लोकसहभाग, उपजीविका. शब्द मला छान जमले, असं मला वाटत होतं. छापून आल्यावर पहिली प्रत मी आईला नेऊन दाखवली होती.

काकीने पहिल्याच बैठकीत पुस्तिकेचा निकाल लावला. शहरातून आलेले साहेब वहनक्षमता समजावत होते, परिसंस्था किती भार पेलू शकते वगैरे. काकी म्हणाली, "होडयेत किती माणसां घेवची, ताच मां? मगे तसा सांग." मग लवचीकता आली. वादळानंतर समाज पुन्हा कसा उभा राहतो, ते साहेब सांगू लागले. काकीने शांतपणे ऐकून घेतलं. "वादळात छप्पर उडाला, ता आमी परत घातला. तेका तुमी नाव दिलास, बरा झाला. कौलां कधी दितलास?" सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. कौलं काही आली नाहीत.

खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा. कार्यक्रम बाराला संपायचा असे आणि तिच्यामुळे एक वाजे. शिवाय मी ऑफिसात शुद्ध बोलायला शिकलो होतो, आणि ती चारचौघांत मला "झिला", म्हणजे पोरा, म्हणून हाक मारी.

शाश्वत शब्द तिला ठाऊक नव्हता, पण तिची रीत होती. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळू-चिखलाची एक पट्टी उघडी पडते, तिथे तिसऱ्या मिळतात. गावातल्या पंधरा-वीस घरांचं त्यावर भागे. ज्या भागात तिसऱ्या बारीक असतील तिथे काकी काठी रोवून तिला आंब्याची डहाळी बांधायची. डहाळी दिसली की तिथे कुणी पाय घालायचा नाही. पानं सुकून गळाली तरी नाही. काकीने काठी उपटली की मगच. एकदा एका नव्या सुनेने तिथून अर्धी टोपली भरली. काकीने तिला पुन्हा पाण्यात उतरवलं आणि मूठ मूठ करत सगळ्या परत टाकायला लावल्या. "नखाएवढे ते! काय खातलंस, शिंपां?" सून रडकुंडीला आली. घरी जाताना मात्र काकीने आपल्या टोपलीतल्या मोठ्या तिसऱ्या तिच्या टोपलीत ओतल्या.

प्रकल्पाने त्या पट्टीसाठी गावाशी करार करायचं ठरवलं; त्याचा नकाशा मी सह्यांच्या सभेच्या आधी पाहिला होता. पट्टी हिरवी रंगवली होती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : तिसऱ्या काढणे कायम बंद, पर्यटकांच्या वल्ह्याच्या होड्यांना परवानगी. साहेबांनी सभेत ते वाचलं नाही. 'संवर्धन क्षेत्र' एवढंच म्हणाले.

"म्हंजे काय?"

साहेब दहा मिनिटं बोलले. काकीने त्यांच्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे वळली. "झिला, तू सांग. तू आपलो."

"म्हणजे तुमची जागा राखणार, काकी."

"आमी राखतो तशी? थोडे दिवस बंद, मगे परत आमचीच?"

मी म्हणालो, "हो. तशीच."

ती उठली. पहिली सही तिने केली, मोठ्या सुट्या अक्षरांत. "घाला गो सह्यो," ती बायकांना म्हणाली. "आपल्या झिलान सांगितल्यान."

मी असं का केलं? नेमणुकीचे अकरा महिने संपत आले होते, हे एक कारण. पण तेवढंच सांगितलं तर तीही लबाडीच होईल. सरपंचांच्या घरी पाहुण्यांसाठी सुरमईचं जेवण तयार होतं, ते थंड होत होतं, आणि मला सभा संपवायची होती. एवढ्यासाठी.

पावसाळ्यानंतर दोरी आली, पाटी आली, शिट्टी वाजवणारा रखवालदार आला. काकी टोपली घेऊन उतरली, तर त्याने तिला हात धरून काठावर आणलं. मी तिथेच होतो. पाटीवर माझेच शब्द होते. मी तिला पाटी दाखवू लागलो, नियम असे आहेत म्हणून. ती म्हणाली, "मी तुका इचारलंय. पाटयेक नाय."

पुढे तिला 'पर्यायी उपजीविका' मिळाली. पर्यटकांसाठी तिसऱ्यांचं सुकं करायचं, बाजारातून विकत आणलेल्या तिसऱ्यांचं. दोन दिवस गेली आणि थांबली. "तेंच्या चिखलाकसुदा परको वास येता," म्हणाली. मग ती अंथरुणालाच खिळली.

माघात मी तिच्या उशाशी जाऊन सगळं सांगितलं. नकाशा, बारीक अक्षरं, सुरमई. मला वाटलं होतं, शिव्या देईल आणि मी मोकळा होईन. ती आढ्याकडे बघत म्हणाली, "माका सांगान काय उपेग? मी आता खंय उतारतलंय पाण्यात? बायकांक सांग."

सांगतो, म्हणालो. फाल्गुन गेला. ग्रामसभा झाली, तिथे मी शेवटच्या रांगेत बसून घरी आलो. चैत्रात काकी गेली.

तिच्या बाराव्याला बायका खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसल्या होत्या, तेव्हा मी कराराचा कागद घेऊन गेलो. आम्ही हरकतीचा अर्ज केला तो त्यानंतर. तो अजून 'विचाराधीन' आहे, आणि दोरीही तिथेच आहे. त्या दिवशी मी फक्त वाचलं. बारीक अक्षरांसकट, शेवटच्या पानापर्यंत. शेवटी काकीची सही होती आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून माझी.

"ह्या काकीक म्हायत होता?" एकीने विचारलं.

"सांगितलं होतं मी."

"कधी?"

"माघात."

"मगे आमका आज?"

कुणी रडलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. त्या बाईने आपला बसायचा पाट माझ्यासमोर ओढून घेतला आणि कागदाकडे बोट दाखवलं.

"पयल्यापासून वाच," ती म्हणाली. "सावकास."