चीफ साळुंखे आणि आबांची शिकार

"तुझं इंग्रजी कसं आहे? बोलायचं नव्हे, लिहायचं," असं लिफ्टमध्ये अनोळखी बाईला विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये मी नुकतीच राहायला आले होते. आईशी फोनवर मराठीत बोलत लिफ्टमध्ये शिरले, एवढीच काय ती आमची ओळख. "बरं आहे," मी म्हटलं. "मग संध्याकाळी आठव्या मजल्यावर ये. आफ्रिकेत शिकारीला जायचंय, पत्रव्यवहार करायचाय," एवढं सांगून ते उतरून चालते झाले.

मी पुण्याची. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरीला असले, तरी आमच्या घरात अंड्याचं ऑम्लेटसुद्धा गॅलरीत स्टोव्ह नेऊन करावं लागायचं. असल्या पापात मी नाही, हे तोंडावर सांगायलाच मी वर गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला गोळी झाडायची नाहीये. स्पेलिंग बघायचंय." मी बसले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीवर मग मी पुढची काही वर्षं जवळजवळ रोज बसत आले. गेल्या वर्षी चीफ गेले. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं आणि लिफ्ट आठव्यावर थांबली की मी उगाचच बाहेर डोकावते.

नाव जयवंत साळुंखे. बोटीवर चीफ इंजिनिअर होते, तेव्हा सगळे चीफच म्हणत, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधला कॉफीवाला चिनी म्हाताराही म्हणायचा, "चीफ, कोपी-ओ, सेम लाह?" बुटके, जाड मनगटांचे, उजव्या हातावर वाफेच्या नळीने भाजल्याचा डाग. दिसेल त्या वस्तूला तळहात लावून बघायची त्यांना खोड होती. फ्रिजला, बसच्या खिडकीला, माझ्या लॅपटॉपला. "तापलंय हे. याला विश्रांती दे, स्वतःलाही दे," असं म्हणून पुढ्यात कोपीची, म्हणजे तिथल्या कॉफीची, बशी सरकवायचे. बायको गेल्यापासून घरात एकटेच होते. मूलबाळ नव्हतं.

आउटफिटर म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था करणारा माणूस, हे मला चीफनी शिकवलं. परवाना, बंदूक, रान, राहणं, माग काढणारी माणसं, सगळं त्याच्याकडे. तो नीट मिळाला तर शिकार, नाहीतर नुसती हत्या. "आधी एजंट बघावा, मग बंदर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि चकचकीत माहितीपत्रक आलं की त्यावरही तळहात फिरवून म्हणायचे, "रंग फार जाड मारलाय. खाली गंज असणार."

हे सगळं चाललं होतं ते साताऱ्याकडच्या त्यांच्या थोरल्या भावासाठी, आबांसाठी. लहानपणी कोयनेच्या खोऱ्यात रानडुकरं पिकात घुसायची तेव्हा वडील आणि आबा ठासणीची बंदूक घेऊन निघायचे. रान उठवायला गाव हाका घालायचं, आणि छोटा जयवंत पत्र्याचा डबा वाजवत मागून पळायचा. डुक्कर पडलं की मटणाचे वाटे पडत. ज्याची गोळी त्याचा, हाक्यातल्या प्रत्येकाचा, ज्याच्या बांधावर जनावर पडलं त्याचा, आणि कुत्र्यांचासुद्धा. डबा वाजवणाऱ्या पोरालाही पळसाच्या पानात बांधून त्याचा वाटा मिळे. पुढे शिकारीवर बंदी आली आणि आबांनी मुकाट्याने बंदूक पोलिसात जमा केली. त्याच्या कितीतरी आधी, वडील गेल्यावर, त्यांनी शाळा सोडली होती, शेत अंगावर घेतलं होतं आणि पुढे धाकट्याला बोटीवर धाडलं.

पहिल्या सफरीवरून परतल्यावर जयवंताने जेवताना मोंबासाच्या गोष्टी सांगितल्या. तिकडे आत रानात अजून रीतसर शिकार चालते म्हणाला. आबांचा घास हातातच राहिला. "तुला नेतो एकदा," धाकटा बोलून गेला. मग एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर अख्खं आयुष्य निघून गेलं. "आफ्रिकेचा मी फक्त कठडा बघितलाय, केतकी," चीफ म्हणायचे. "मोंबासा, दार-ए-सलाम, डर्बन. माल उतरवला की चाललो. आत घर आहे म्हणतात." आता आबांनी पंचाहत्तरी गाठली होती आणि चीफच्या स्वतःच्या छातीत दोन स्टेंट होते. शब्द पाळायचा तर दोघांचे पाय चालताहेत तोवरच पाळायला हवा होता.

आम्ही जेवायला बसायच्या सुमाराला तिकडे गावाला धारा काढायची वेळ असे. तेव्हा रोज आबांना फोन लागायचा, स्पीकरवर. आउटफिटरांना विचारायचे प्रश्न आबांचेच असत आणि ते माझ्या इंग्रजीची परीक्षा बघत. पहिलाच प्रश्न होता, "मटणाचं वाटं कसं पडत्यात तिकडं?" मी चीफकडे पाहिलं. ते म्हणाले, "जसंच्या तसं लिही. जो उत्तर देईल तो माणूस."

बहुतेकांनी उत्तर दिलंच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एकाने भिंतीवर टांगलेल्या मुंडक्यांचे फोटो पाठवले आणि तुमचंही मुंडकं मसाला भरून थेट सिंगापूरला पोचवू म्हणाला. "माझं कशाला?" चीफ म्हणाले. फोनवर आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मुंडकं भिंतीवर, मग मटण कुठं?" दुसऱ्याचं रान तारेच्या कुंपणातलं निघालं. "कुपनात? मग गोठ्यातच मार म्हणावं की." तिसरा पाणवठ्याजवळ लपून बसवणारा होता. त्याच्यावर मात्र आबा खरोखर चिडले. "पान्यावर आल्याल्याला मारू न्हाई. वैऱ्यालाबी पानी पिऊ द्यावं."

फोटो आले की चीफ ते गावाकडे आबांच्या सुनेच्या मोबाइलवर पाठवायचे. तरी आबा मला विचारायचे, "पोरी, तू सांग गं, काय दिसतंय. बघू तुझं घासफूस खानारं डोळं काय टिपत्यात." मग मी सांगायची. पिवळं गवत, काटेरी झाडं, पीळ पडलेल्या शिंगांचा कुडू नावाचा हरणासारखा प्राणी. "शिंगाला पीळ किती? कान कुठं हायत, म्होरं का मागं?" मी आयुष्यात कुठलं जनावर इतकं निरखून पाहिलं नव्हतं. हळूहळू मला त्या संध्याकाळची ओढ लागली. बँकेत दिवसभर आकड्यांशी झटापट करून आले की कुणीतरी मला शिंगांबद्दल विचारतंय, याचं बरं वाटायचं.

शेवटी नामिबियातली एक बाई सापडली. वडिलांच्या मागे शेत आणि शिकारीचं रान सांभाळणारी. तिने सविस्तर लिहिलं होतं: काळीज माग काढणाऱ्याचं, डोकं आणि पाय सोलणाऱ्यांच्या घरी, बाकीचं शेतावरच्या कुटुंबांना आणि जवळच्या शाळेला, पाहुण्याने ताटात येईल ते खावं. जनावर जखमी होऊन पळालं तर ते मिळेपर्यंत दुसऱ्यावर गोळी नाही. मी ते मराठीत वाचून दाखवलं. फोनवर धारेचा आवाज थांबला. मग आबा म्हणाले, "ही बाई आपल्या घरातली हाय."

मला वाटलं, झालं. पण वाट ठरायची होती. जन्मभर जग फिरलेल्या चीफनी स्वतःचं तिकीट कधी काढलं नव्हतं. कंपनी ते हातात ठेवायची आणि उतरल्यावर नावाची पाटी घेऊन एजंट उभा असायचा. "उतरल्यावर पाटी कोण धरेल?" असं ते मला पोरासारखं विचारायचे. आदिस अबाबावरून जावं तर पिवळ्या तापाची लस लागणार का, आणि त्या वयात ती आबांना झेपेल का, हा घोर. जोहान्सबर्गवरून जावं तर मध्ये एक रात्र. अखेर चीफनी सरळ उलटा रस्ता धरला: आधी आपण मुंबईला जायचं, आबांना हाताला धरून घ्यायचं आणि तिथून पुढे दोघांनी मिळून. माझ्या मते यात आता काही उणं उरलं नव्हतं.

तर आबांनी काढलंच. "बाईकडं कुत्री हायत का इचार." होती. "थंडी लई आसंल." गरम कपडे घेतले. "पेरनी करायची हाय, पुढल्या साली बघू." तिकडचा एक हिवाळा गेला, दुसराही गेला. मी चीफवरच भडकले. "तुम्हीच त्यांना वेळ देता. काढा तिकीट आणि जा." चीफ मान खाली घालून म्हणाले, "माझीच खोड गं. सगळं तपासल्याशिवाय मला इंजिन सुरू करवत नाही. तीच त्यालाही लागली."

मग एका सकाळी ऑफिसला निघताना चीफ खाली बाकावर बसलेले दिसले. पायाशी बॅग. आबा झोपेतच गेले होते. टॅक्सी येईपर्यंत मी शेजारी बसले. ते हात बाकावर टेकवून बसले होते.

तेराव्यानंतर ते परतले, आणि त्या संध्याकाळी मला समोर बसवून आबांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं. आबांना काचबिंदू होता. आमची पहिली पत्रं गेली त्याच वर्षी त्यांची नजर पूर्ण गेली होती. घरातल्या सगळ्यांना त्यांनी शपथ घातली होती, धाकट्या जयाला कळता कामा नये. सून फोटो बघून सांगायची, पण तिचं सांगणं त्यांना पुरत नसे, म्हणून ते मला विचारायचे. मला त्यांचे सगळे प्रश्न एकदम आठवले. शिंगं, कान, गवताचा रंग. मला वाटायचं ते माझी पारख करताहेत; खरं तर एक आंधळा माणूस माझ्या डोळ्यांनी बघत होता.

"मी वहिनीला म्हटलं, का नाही सांगितलंत? ती म्हणाली, भावजी, तुमची मंडळी गेली तवा तुम्ही फोनवर नुसतं हां-हूं करायचा. ह्या शिकारीचं निघालं आन तुम्ही बोलाय लागला. हे म्हनले, ठरवाठरवी बंद पडली तर जया परत गप हुईल." चीफनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि केतकी, मला शिकारीचं काय? मी डबा वाजवणारा. त्याला हौस म्हणून करत होतो. बोटीवर इंजिनाचा आवाज जरा बदलला तर मी झोपेतून उठायचो. आबाचा आवाज रोज ऐकला. रोज. मला कळलं नाही." हे सांगताना ते रडले नाहीत. रडले असते तर मला सोसलं असतं.

नामिबियाच्या बाईला कळवायचं काम त्यांनी मला दिलं. ते लिहायला मला कुठलंही इंग्रजी पुरलं नाही. दोन ओळी लिहून पाठवल्या.

त्यानंतर संध्याकाळी मी वर जायची ते जेवणाचा डबा घेऊन. फोनची वेळ झाली की ते फोन पुढ्यात घेऊन बसायचे, लावायचे कुणालाच नाही. जेवण निम्मं राहायचं. औषधांची पाकिटं तशीच पडलेली दिसायची. वहिनींनी सांगितलेलं ते गप्प होणं मी आता स्वतः बघत होते. काही आठवडे मी ते सोसलं. मग एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊनच वर गेले आणि म्हटलं, "चीफ, झांबियातला एक आउटफिटर सापडलाय. वाचू?"

मी वाचत गेले. नदीकाठचं रान, तंबू, म्हशींचे कळप, शेवटच्या टप्प्याला छोटं विमान. ते ऐकताहेत की नाही कळत नव्हतं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसा वाटतो?"

"नको," मी म्हटलं. "नदीकाठी मचाणं बांधलीत. पाण्यावरच मारत असणार. दुसरा बघू."

चीफनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "केतकी, तुलाही दिसेनासं झालं का गं?"

मी मान खाली घातली आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदाच रडले, आबांसाठी की त्यांच्यासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी उठून कोपी केली, बशीत ओतली आणि माझ्याकडे सरकवली.

"वाच पुढचा," ते म्हणाले. "आपल्याला घाई नाही."

मी डोळे पुसून पुढचा वाचायला घेतला. ते जाईपर्यंत आम्ही रोज वाचत होतो, टांझानियाचे, बोट्स्वानाचे, पुन्हा नामिबियाचे, आणि आम्हाला त्यातला एकही पसंत पडला नाही.