भाऊरावांचं ऊन अडवणारं मलम

भाऊराव ढोबळे भिलाईला पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरात राहायचे. मूळचे वर्ध्याकडचे, प्लांटच्या सेफ्टी स्टोअरमध्ये क्लार्क. प्लांटमधून आलेली वस्तू वाईट असूच शकत नाही, या एकाच श्रद्धेवर या माणसाने पंचवीस वर्षं संसार केला. त्यांच्या पत्नी कलावतीबाई गॅसवरचं पातेलं उतरवायच्या ते भट्टीवरच्या कामगाराच्या हातमोज्याने. पाहुणे आले की भाऊराव तो हातमोजा कौतुकाने दाखवायचे, जणू भिलाईतलं सगळं लोखंड यांनीच एकट्याने वितळवलं होतं.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यांची साधना अकरावीत होती. आठशे मीटर धावायची, आणि खरंच धावायची. मे महिन्यात दुर्गच्या मैदानावर निवड होती. पहिल्या तिघी भोपाळला राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. त्यासाठी पोरीने चार महिने रक्ताचं पाणी केलं होतं. बापाला धावण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना तिच्या रंगाची काळजी.

त्याच सुमारास स्टोअरमध्ये मुदत संपलेल्या मलमाच्या डब्या फेकायला काढल्या होत्या. तेला-डांबरात काम करणारे कामगार कातडी खराब होऊ नये म्हणून हे मलम हातांना चोपडायचे. भाऊरावांनी पिशवीभर डब्या घरी आणल्या आणि फर्मान काढलं, मैदानावर जायचं तर हे तोंडाला लावून.

"अहो, हे हातांचं आहे," मी म्हटलं. "डोळ्यांपासून दूर ठेवा असं लिहिलंय वर."

"लेबल कामगारायसाठी रायते वहिनी," ते म्हणाले. "जे डांबर अडवते ते ऊन नाही अडवणार? प्लांटची चीज आहे."

अशा अकलेपुढे काय बोलणार? मी गप्प बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांत साधनाच्या गालांवर पुरळ उठलं, पापण्या लाल झाल्या.

"बाबा, पसीना आया की सीधा आँख में जाता है," ती म्हणाली. "मले समोरचं दिसत नाही."

"सवय होईन," भाऊराव म्हणाले.

कलावतीबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मलम त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं. भाऊरावांनी निकाल दिला, "डॉक्टर नवा आहे. प्लांटचं मटेरियल त्याले काय समजते?"

आमच्या क्वार्टरांमध्ये न्हाणीचं पाणी मागच्या वाफ्यात सोडायची पद्धत होती. साधना रोज घरी येऊन ते चिकट मलम साबणाने खरवडून काढायची आणि ते सगळं पाणी त्यांच्या पालकात जायचं. पंधरा दिवसांत पालक पिवळा पडून आडवा झाला. मातीवर पांढरट तवंग धरला आणि मेलेली गांडुळं वर आली. ते पाहूनही या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांनी खापर माझ्या दोन कोंबड्यांवर फोडलं. कोंबड्या बिचाऱ्या जाळीबाहेर कधी पडल्याच नव्हत्या.

निवडीच्या दिवशी मीही दुर्गला गेले होते. साधनाने घरून निघताना मलम लावलं नव्हतं. भाऊरावांच्या ते लक्षात आलं. खिशातून डबी काढून त्यांनी चारचौघांत तिच्या तोंडाला दोन बोटं मलम फासलं, आणि तिने धुऊन टाकू नये म्हणून स्वतः छत्री घेऊन नळापाशी उभे राहिले.

पहिल्या फेरीत साधना सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत तिला घाम फुटला. धावता धावता ती मनगटाने डोळे पुसू लागली, आणि वळणावर चुन्याची रेघ ओलांडून सरळ बाहेर गेली. चाचपडत परत येईपर्यंत तिघी पुढे निघून गेल्या. ती चौथी आली. कलावतीबाईंनी तिला खाली बसवून डोळ्यांवर पाणी मारलं. मला त्या माणसाची छत्री मोडून टाकावीशी वाटली.

परतताना बसमध्ये भाऊरावांनी साधनाची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. तिचे डोळे सुजून मिटले होते.

"चौथी आली तर आली वहिनी," ते म्हणाले. "पण पाहा, जराशीही काळी नाही पडली."

भोपाळला गेलेल्या तिन्ही पोरी उन्हाने पार रापलेल्या होत्या.