एका वाक्यात सांग

तराजूचं पारडं बोटानं थांबवून ते आधी आपल्याकडे बघायचे, मग म्हणायचे, "लंबं नको लावू. एका वाक्यात सांग." गिऱ्हाईक असो की सख्खा भाऊ, सगळ्यांना हाच कायदा. आर्वीत आमच्या घराला लागून त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो.

त्यांचा मुलगा आणि मी मिळून एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होतो. गणितात तो वाघ, पण इंग्रजी उताऱ्यांत आडवा व्हायचा. शब्द सगळे यायचे हो! पण लेखकाचं म्हणणं काय, असं विचारलं की हा स्वतःच्याच मतावर खूण करून मोकळा. मागच्या साली तिथेच घसरला होता. काकाजींनी बजावलं होतं, "ह्या साली नाई जमलं त गादीवर बसजो." पोरगा गेला तर दुकान कोण पाहील, हे ते गिऱ्हाइकांनाही उघड विचारायचे.

तरी उतारा ऐकायला बसायचे तेच. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नसे. मुलगा वाचायचा आणि मराठीत सार सांगायचा. एकदा धरणांवरचा उतारा होता. त्यानं तावातावानं सांगितलं, लेखक म्हणतो धरणं म्हणजे नुसती लुबाडणूक. काकाजी फसकन हसले.

"हे लेखकाचं म्हणणं की तुयं? काल जेवताना हेच बोलून राह्यला होता तू."

मी मागची उत्तरं पाहिली. लेखक तर धरणांच्या बाजूनं भांडत होता!

तेव्हापासून रोज तोच प्रश्न. पोरगा चिडायचा, पुस्तक आपटायचा. पण उत्तरं बरोबर येऊ लागली. आपण आपल्याच हातानं त्याला गाडीत बसवून देतोय, हे काकाजींना कळत होतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शेवटचा उतारा इंग्रजी वर्तमानपत्रातून काढला. मागे उत्तरं नव्हती, आणि माझीही खात्री नव्हती. मुलानं सार सांगितलं. काकाजी तराजूची वजनं रचत बसले. एकदा 'तुयंच हाये' म्हटलं असतं, तर पोरगा खचला असता आणि दुकान राहिलं असतं. माझा जीव टांगणीला. असा राग आला त्यांचा! बोला ना एकदाचे!

"लेखकाचं हाये," ते म्हणाले. "तुयं काई नाई त्यात. जाय."

आणि उठून गोदामात गेले.

त्याचा नंबर लागला. बंगलोरला शिकला, तिकडेच नोकरीला राहिला. मी आर्वीतच बँकेत लागले. काही वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, म्हशीसाठी ढेप आणायला गेले तर काकाजी मुलाशी फोनवर होते. बराच वेळ नुसतं "हो, हो" चाललं होतं. मग फोन ठेवला.

"काय म्हणतो, काकाजी?"

"कामं लय हायेत म्हणे. तिकीट पाहून राह्यला. साहेबानं सुट्टी देल्ली त येतो म्हणे." त्यांनी माझ्या ढेपेचं पारडं बोटानं थांबवलं. "एका वाक्यात सांगू? तो नाई येत."

माझ्या तोंडून गेलंच, "हे त्याचं म्हणणं की तुमचं?"

पारड्यावरचं बोट त्यांनी काढलं नाही.

"माह्यं असतं त बरं झालं असतं, बाई."