ओट्यावरचा निळा बाक

निंबोला गावच्या केळीबागांमधून ठिबकच्या जुन्या नळ्या आणि घडांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या गोळा करायच्या, वितळवून त्यांच्या फळ्या पाडायच्या आणि त्या फळ्यांचं फर्निचर डिझाइन करायचं, हे माझं काम. पहिला बाक मी बाबांना दिला. बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर तो मांडला, तेव्हा त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून त्यावर बसवलं. "आमच्या पोरीने बनवला. कचऱ्यातून!"

खाली आधाराला लोखंडी पट्टी घालायला हवी होती. मला कळत नव्हतं असं नाही. पण लोखंड आलं की 'नुसत्या प्लास्टिकचा' म्हणून मिरवता आलं नसतं, आणि मिरवायची हौस मला दांडगी.

मे महिन्यात मी कामासाठी बाहेरगावी होते. आमचा ओटा दुपारभर उन्हात तापतो. परत आले तर बाकाच्या मधोमध चांगलाच झोळ पडलेला, आणि त्या झोळात बाबा आणि शेजारचे कापडवाले काका संध्याकाळच्या गप्पा मारत बसलेले. मी बॅग घेऊन दारातच थबकले.

काका फळीवर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, हा बीचमधून दबला का हो?"

"दबला कुठे? मुद्दाम तसा डिझाइन केलाय. कमरेला आराम पडतो."

जन्मभर वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारा माझा बाप, माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता. तेही पापणी न हलवता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं तर ते तोंडघशी पडतील, गप्प बसावं तर माझंच मला सोसेना.

काका मात्र मागे रेलले. "सच्ची, बरं वाटते बा! पोरी, आपल्याला बी एक बनवून दे. असाच, झोळवाला."

"हो काका." एवढंच तोंडातून निघालं.

काका गेले. बाबा उठायला लागले, पण त्या झोळातून त्यांना एका दमात उठता येईना. मी हात दिला. बॅगेकडे पाहत त्यांनी प्रवासाची चौकशी केली, बाकाबद्दल चकार शब्द नाही. मग उंबऱ्यापाशी थांबले आणि स्वतःची कंबर दाबत हळूच म्हणाले, "त्याचा मात्र सीधा बनव, बाई. बिचाऱ्याची कंबर खरंच दुखते."